आंद्रुस किविरॅह्कच्या कादंबऱ्या: रान, साप, क्राट आणि एस्टोनियाचा न घडलेला इतिहास

आडवाट

इथे कुणी आंद्रुस किविरॅह्क वाचलाय का? एस्टोनियाचा लेखक, जन्म १९७० चा, टॅलिनमधला, तार्तू विद्यापीठात पत्रकारिता शिकला, बरीच वर्षं वर्तमानपत्रात काम केलं, तिकडे लहान मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे त्याची पुस्तकं वाचतात, पण आपल्याकडे त्याच्याबद्दल कुणी बोलताना दिसत नाही म्हणून हा धागा काढतोय. लांबलचक होणार आहे, आणि स्पॉयलर आहेत, ज्यांना कोरं वाचायचंय त्यांनी इथेच थांबा.

माझ्या हाती आधी लागली ती 'द मॅन हू स्पोक स्नेकिश'. मूळ एस्टोनियन कादंबरी २००७ ची, इंग्रजी भाषांतर क्रिस्टोफर मोझली यांचं, ते २०१५ मध्ये आलं. त्याआधी २०१३ ला फ्रेंच भाषांतर आलं आणि त्याला पुढच्या वर्षी 'ग्राँ प्री द लिमाजिनेर' मिळालं, म्हणजे फॅन्टसी आणि सायन्स फिक्शनसाठीचं तिकडचं मोठं बक्षीस. त्यामुळे दुकानात ती फॅन्टसीच्या कप्प्यात ठेवतात. पण साप बोलतात, अस्वलं बायकांच्या प्रेमात पडतात, एवढ्यावरून हलकंफुलकं काहीतरी असेल अशा समजुतीने कुणी उचलली तर शंभरेक पानांनंतर घुसमट व्हायला लागते.

थोडा इतिहास सांगतो, कारण तो माहीत नसेल तर अर्धी कादंबरी निसटते. १२०८ च्या सुमारास जर्मन क्रुसेडर, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाचे सैनिक, एस्टोनियात घुसले, १२१७ ला लेम्बितू नावाचा एस्टोनियन सरदार लढाईत पडला, १२१९ ला डेन्मार्कच्या राजाने आजचं टॅलिन घेतलं, १२२७ ला सारेमा बेट पडलं आणि संपलं. तिथून पुढे जवळजवळ सातशे वर्षं जमीन परक्यांची, हवेलीत जर्मन जमीनदार, वर सत्ता कधी डॅनिश, कधी स्वीडिश, शेवटी रशियन झारची, आणि एस्टोनियन माणूस म्हणजे त्या जमिनीला बांधलेला कूळ. वेठबिगारी कायद्याने गेली ती उत्तरेत १८१६ ला आणि दक्षिणेत १८१९ ला. स्वातंत्र्य १९१८ ला, ते १९४० ला सोव्हिएतांनी हिरावलं, परत मिळालं १९९१ ला. असा इतिहास पाठीशी असलेल्या देशात 'परके यायच्या आधी आपण कोण होतो' हा प्रश्न किती दुखरा असेल, आणि त्यावर किती सुंदर सुंदर खोटं लिहिता येईल, विचार करा.

कादंबरीचा नायक लेमेत. रानात राहणाऱ्या शेवटच्या काही कुटुंबांतला मुलगा. रानातल्या लोकांना सापांची भाषा येते, ती बोलली की हरीण स्वतःहून येऊन मान पुढे करतं, लांडगे दूध द्यायला उभे राहतात. पण हळूहळू सगळे रान सोडून गावात जाताहेत, शेती करताहेत, पाव खाताहेत, लोखंडी चिलखतातल्या शिलेदारांकडे आणि साधूंकडे डोळे विस्फारून बघताहेत. लेमेतचा मामा वोतेले त्याला ही भाषा शिकवतो, आणि शिकवणारा गेल्यावर ती नीट येणारा माणूस म्हणजे लेमेत एकटाच. कधीकाळी दहा हजार माणसांनी एका सुरात हे शब्द उच्चारले की उत्तरेचा बेडूक नावाचा एक अवाढव्य उडणारा प्राणी जागा व्हायचा आणि शत्रूला गिळायचा. आता दहा हजार सोडा, दहा माणसं मिळत नाहीत.

एवढं ऐकून कुणालाही वाटेल की ही 'आपली थोर परंपरा लयाला गेली' छापाची कहाणी आहे. मला जे सांगायचंय ते नेमकं इथेच आहे. किविरॅह्क रानाची बाजू घेतच नाही. रानात यूल्गास नावाचा एक पुरोहित आहे, पवित्र वनाचा रखवालदार, आपल्या देवराईसारखं ते वन, आणि तो वनदेवतांच्या नावाने बळी देत सुटतो, शेवटी तर हीए नावाच्या मुलीचाच बळी द्यायला निघतो, आणि तिचा स्वतःचा बाप तांबेत त्याला साथ देतो कारण त्याच्या मते परंपरा वाचवायची तर एवढं केलंच पाहिजे. आणि या वनदेवता कुणी कधी पाहिलेल्याच नाहीत! वोतेले मामा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास ठेवत नाही. सापांची भाषा खरी, ती शिकायला लागते, जीभ दुखते, चुकते, परत म्हणावी लागते. वनदेवता मात्र आयत्या, त्यांच्या नावाने काहीही खपवता येतं. गावातला योहानेस परक्यांच्या देवाबद्दल जे बोलतो आणि रानातला यूल्गास आपल्या देवांबद्दल जे बोलतो ते शेजारी शेजारी ठेवून बघा, ताल तोच.

आणि याच्याही पुढची पायरी आहे, ती मला सगळ्यात जास्त आवडली. पिर्रे आणि रॅक नावाचं एक माणूस-माकडांचं जोडपं आहे, माणसाच्याही आधीचं. त्यांच्या मते रानातली माणसंसुद्धा बिघडलेली, गुहा सुद्धा नको, खरं जुनं जगणं म्हणजे झाड, आणि ते खरंच झाडावर राहायला जातात. म्हणजे गावाला रान मागासलेलं वाटतं, तांबेतला रान पवित्र वाटतं, आणि पिर्रे-रॅकना तांबेत आधुनिक वाटतो. मागे जायचं ठरवलं तर नक्की कुठे थांबायचं हे कुणी ठरवायचं? लेमेत या सगळ्यांच्या मध्ये अडकलाय. त्याला भाषा हवी आहे, बुवाबाजी नको आहे, आणि भाषा नुसती हवी असून जगत नाही, तिला माणसं लागतात, ती त्याच्याकडे नाहीत.

वाचलेल्यांनी लिहा, न वाचलेल्यांनी विचारा.

अबोली

मी वाचलंय! दोन वर्षं झाली असतील, पण अस्वलं अजून डोक्यातून जात नाहीत. लेमेतची बहीण साल्मे अस्वलाशी लग्न करते आणि आईसुद्धा… लेमेतच्या बापाचं जे होतं ते तर पहिल्याच काही पानांत आहे. अस्वलाने नवऱ्याचं डोकं चावून तोडलं आणि ते इतक्या सहज सांगितलंय, जणू कुणी सांगतंय की काल दूध नासलं. आधी हसू येतं आणि मग वाटतं मी कशाला हसले.

मला इंट्सबद्दल कुणी बोलावं असं वाटतं. लेमेतची सापमैत्रीण. आपण इतकी पानं तिला नर समजत असतो, लेमेतही समजत असतो, आणि मग कळतं की तिला पिल्लं होणार आहेत. माणसांपेक्षा ते साप जास्त सभ्य आहेत त्या पुस्तकात, शांत, दिलेला शब्द पाळणारे, थोडे अहंकारी. आणि साळिंदरासारखे ते काटेरी प्राणी, हेजहॉग, त्यांच्याशी सापांची भाषा बोलून उपयोगच नाही कारण ते ठार मठ्ठ. हे वाचून मला इतकं बरं वाटलं होतं, म्हणजे त्या जगाचेही नियम आहेत, सगळं काही जादूने होत नाही.

तिसरी घंटा

पुस्तक वाचलेलं नाही पण 'नोव्हेंबर' सिनेमा पाहिलाय, तो याच लेखकाच्या 'रेहेपाप' कादंबरीवरचा ना? २००० सालची कादंबरी, सिनेमा २०१७ चा, दिग्दर्शक राइनेर सार्नेत. पूर्ण कृष्णधवल आणि छायाचित्रण असं की एकेक फ्रेम थांबवून बघावी, मार्त तानिएलला ट्रायबेका फेस्टिव्हलमध्ये छायाचित्रणाचं बक्षीस मिळालं त्यासाठी.

सुरुवातीलाच एक विचित्र वस्तू चालत येते, तीन काठ्यांचे पाय, वर जनावराची कवटी, मध्ये साखळ्या आणि अवजारं, आणि ती शेजाऱ्याच्या गोठ्यातलं वासरू साखळीने उचलून हवेतून पळवून आणते. तो क्राट. घरातल्या मोडक्या अवजारांचा पुतळा करायचा, रात्री चौरस्त्यावर सैतानाला बोलवायचं, रक्ताचे तीन थेंब द्यायचे आणि पुतळ्यात जीव येतो, मग तो तुमच्यासाठी राबतो आणि चोऱ्या करतो. फक्त त्याला सतत काम द्यावं लागतं. काम नाही दिलं तर मालकालाच मारतो. मग मालक त्याला सांगतो पावाची शिडी कर, आणि ते जमत नाही म्हणून क्राट धडपडून धडपडून पेट घेतो. आणि गावकरी सैतानालाही फसवतात, रक्ताऐवजी ब्लॅककरंट नावाच्या काळ्या बेरींचा रस देतात!

मला सगळ्यात हलवून गेला तो बर्फाचा क्राट. हान्स नावाच्या पोराचं हवेलीतल्या जर्मन सरदाराच्या मुलीवर प्रेम, तो बर्फाच्या माणसात जीव घालतो, पण बर्फ काम करू शकत नाही, तो फक्त गोष्टी सांगतो, कारण तो पाणी होऊन जगभर फिरून आलाय, नद्या, शहरं, प्रेमिक सगळं पाहिलंय. आणि तिकडे लीना हान्ससाठी झुरते. त्या चोरट्या, भुकेल्या, चिखलातल्या गावात एवढीच एक सुंदर गोष्ट, आणि ती वितळणार हे पहिल्यापासून माहीत असतं.

प्रश्न: हे क्राट वगैरे लेखकाच्या डोक्यातलं की खरंच तिकडच्या लोककथांतलं?

जुनी वही

तिसरी घंटा, क्राट अस्सल लोककथांतला आहे. रक्ताचे तीन थेंब, सतत काम मागणं, अशक्य काम सांगून त्याला संपवणं, हे सगळं जुन्या नोंदींत आहे. प्लेगचा प्रसंग आठवतो का? प्लेग गावात येतो तो कधी देखणी बाई होऊन तर कधी जनावराच्या रूपात, आणि गावकरी डोक्यावर विजारी चढवून बसतात म्हणजे प्लेगला वाटावं यांना दोन्हीकडून ढुंगणच आहे. ते बघताना लोक हसतात, पण १७१० च्या सुमारास रशिया-स्वीडनचं 'ग्रेट नॉर्दर्न वॉर' आणि प्लेग एकत्र आले तेव्हा एस्टोनियात गावंच्या गावं ओस पडली होती. इतकी भीती पोटात घेऊन जगणाऱ्यांनी तिला हसण्यावारी न्यायचे मार्ग शोधले.

हे सगळं शिल्लक राहिलं त्यामागे एक जबरदस्त काम आहे. याकोब हुर्ट नावाचे पाद्री आणि अभ्यासक होते, त्यांनी १८८८ मध्ये वर्तमानपत्रांतून लोकांना आवाहन केलं की आपल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडची गाणी, गोष्टी, म्हणी, समजुती लिहून पाठवा. आणि शाळामास्तर, शेतकरी, शिंपी, असे साधारण चौदाशे लोक लिहायला लागले. लाखाच्या वर पानं जमली. ज्यांना जमीनदार माणसात धरत नव्हता त्या लोकांनी स्वतःचं स्वतः लिहून काढलं! पुढे १९२७ ला तार्तूमध्ये लोकसाहित्याचं संग्रहालय उभं राहिलं. आपल्याकडे दुर्गाबाई भागवतांनी लोकसाहित्यावर किती कष्ट घेतले, नंतर जात्यावरच्या ओव्या गावोगाव फिरून गोळा केल्या गेल्या, त्यामुळे असल्या कामाची किंमत इथल्या वाचकांना वेगळी सांगायला नको.

सापांच्या शब्दांचंही तसंच. सापाला थोपवायचे, चावलेलं उतरवायचे मंत्र तिकडच्या परंपरेत होते, ते नोंदवलेलेही आहेत. किविरॅह्कने त्या तुटक मंत्रांच्या मागे एक आख्खी भाषा उभी केली, व्याकरणासकट शिकावी लागणारी, आणि मग ती मरताना दाखवली.

आडवाट, तुम्ही जे सुंदर खोट्याबद्दल लिहिलंय त्यात एक भर. एस्टोनियन राष्ट्रीय महाकाव्य 'कालेविपोएग' हे क्रॉइट्सवाल्ड नावाच्या डॉक्टरने १८५७ ते १८६१ या काळात रचलं. लोककथांचे तुकडे घेतले आणि मोठा भाग स्वतः लिहिला, कारण राष्ट्र व्हायचं तर महाकाव्य पाहिजे असं त्या काळी सगळ्या युरोपला वाटत होतं. १८६९ ला तार्तूत पहिला गीतमहोत्सव झाला. हे सगळं त्या लोकांना उभं करणारं होतं, त्याची थट्टा करायची माझी इच्छा नाही. पण किविरॅह्क त्या परंपरेचा वारस आहे आणि त्याला तिचे टाके दिसतात.

कणसं

मी वेगळं लिहिणार आहे. मला सापवालं पुस्तक आवडलं नाही. शेतकऱ्याच्या घरातली आहे म्हणून असेल पण शेती करणाऱ्या माणसांना इतकं मूर्ख दाखवलेलं मला सहन झालं नाही. नांगरणारे बावळट, पाव म्हणजे बेचव भुसा, विळा-कोयता म्हणजे परक्यांची नक्कल, आणि रानात मात्र हरीण आपण होऊन मान पुढे करतं. मेहनत न करता मिळणारं मांस श्रेष्ठ आणि घाम गाळून पिकवलेलं धान्य हास्यास्पद? गावातली माग्दालेना तर जवळजवळ शिलेदाराकडून मूल व्हावं यासाठीच जगते, का तर तो परदेशी आणि मोठा. गावातल्या एकाही माणसाला लेखकाने थोडी तरी अक्कल द्यायची होती.

आडवाट

कणसं, मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून नीट लिहितो.

तेराव्या शतकातले एस्टोनियन रानात राहून हरणं बोलावणारे नव्हतेच. क्रुसेडर यायच्या कितीतरी शतकं आधीपासून ते शेतकरी होते, राय पिकवायचे, गावं होती, मातीचे-दगडाचे किल्ले होते, सारेमाचे लोक तर जहाजं घेऊन समुद्रावर दरारा ठेवून होते. हे तिथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असतं. म्हणजे लेखकाने जो 'आधीचा काळ' रंगवलाय तो मुळात कधी नव्हताच आणि त्याच्या वाचकाला ते पहिल्या पानापासून ठाऊक आहे. जो शेतकरी पुढे राष्ट्रवादात 'खरा एस्टोनियन' म्हणून पुजला गेला, त्यालाच इथे नवशिका, नक्कल करणारा करून टाकलंय. मला त्यात शेतीचा अपमान दिसत नाही, ज्या चित्राला तिथे देव्हाऱ्यात बसवलंय ते चित्र उलटं टांगलेलं दिसतं.

शिवाय ख्रिस्ती धर्म यायच्या आधीच्या एस्टोनियाबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं हेन्रिक ऑफ लिव्होनिया नावाच्या पाद्र्याच्या बखरीतून कळतं, म्हणजे जिंकायला आलेल्यांच्या माणसाकडून. सारेमाच्या लोकांचा थारापिता नावाचा देव एका टेकडीवर जन्मला आणि उडत बेटावर गेला, हेही त्याच्याच बखरीत. हरलेल्यांनी स्वतः लिहिलेलं त्या काळातलं काही नाही. त्या रिकाम्या जागेत राष्ट्रवाद्यांनी आपल्याला हवे ते पूर्वज बसवले, किविरॅह्कने कवटीच्या पेल्यातून पिणारा, विषारी दात असलेला, पाय तुटलेला आजोबा बसवला. तो आजोबा माणसांच्या हाडांचे पंख करून उडतो आणि शिलेदार मारत सुटतो, हा खरं तर शूर पूर्वज म्हणजे जसा पाहिजे तसाच आहे, आणि तो किती भयानक आहे ते बघा.

कणसं

एस्टोनियन वाचकाला माहीत असेल, मला नव्हतं. मी पुण्यात बसून इंग्रजीतून वाचतेय, प्रस्तावना नाही, टिपा नाहीत, मला दिसतो तो फक्त मूर्ख शेतकरी. जगभर भाषांतर होऊन जाणाऱ्या पुस्तकाने आपल्या पायावर उभं राहायला पाहिजे. आणि चित्र उलटं टांगलं तरी चेहरा त्याच माणसाचा विद्रूप होतो ना, तो जमीनदाराच्या हाताखाली सातशे वर्षं राबला, आता नातवाच्या कादंबरीतही तोच गाढव.

आजोबाबद्दल मात्र पटलं. तो प्रसंग वाचताना पोटात ढवळलं होतं.

निवडुंग

दुसऱ्या अर्ध्यातला रक्तपात जास्त नाही वाटला का कुणाला? लग्नाच्या प्रसंगानंतर मी आठवडाभर पुस्तक उघडलं नाही. हीए इतकी गोड मुलगी…

अबोली

निवडुंग, वाटला. पण मला तो मुद्दाम केलेला वाटतो. लेमेत लहान असतो तेव्हा पुस्तकही मजेशीर असतं, जसजशी माणसं मरतात तसतसं त्याचं हसणं आटतं, आणि एका टप्प्यानंतर तो फक्त मारतो, कारण बोलायला कुणी उरलेलंच नाही. भाषा येते आणि ऐकणारं कुणी नाही, मग त्या भाषेचा उपयोग फक्त शत्रूचा घोडा उधळवण्यापुरता उरतो, यापेक्षा वाईट काय असेल? मध्ये एकदाच आशा वाटते, तो माग्दालेनाच्या बाळाला शब्द शिकवायचं ठरवतो. गावातलं, शिलेदाराचं पोर, आणि त्याच्या तोंडी सापांची भाषा. तेवढी पानं मी परत परत वाचली. पुढचं लिहीत नाही.

मला तक्रार आहे ती बायकांबद्दल. आई सतत मांस भाजते आणि खायला घालते, साल्मे अस्वलामागे, माग्दालेना शिलेदारामागे, हीए सोसत राहते. भाषा मामाकडून भाच्याकडे जाते. आईला का नाही येत नीट, साल्मेला का नाही शिकवलं? शेवटचा माणूस पुरुषच का असावा लागतो?

बाल्टिकवारा

टॅलिनला राहते, नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो आणि रमलो. धागा बघून राहवलं नाही.

इथे किविरॅह्क म्हणजे आधी मुलांचा लेखक. माझ्या मुलाची त्याच्याशी ओळख 'लोटे'मुळे झाली, संशोधकांच्या गावातली कुत्र्याची पोर, २००६ चा ॲनिमेशन सिनेमा आहे, त्याच्या लेखनात किविरॅह्क आहे. आणि 'काका या केवाद' नावाचं पुस्तक, त्याचा अर्थ चक्क शी आणि वसंत ऋतू! बालवाडीतली पोरं हसून लोळतात. त्यामुळे तीच मुलं मोठी होऊन सापांचं पुस्तक उघडतात तेव्हा हा आवाज त्यांच्या ओळखीचा असतो, अबोली म्हणते तशी आधी हसतात आणि मग अडकतात.

'रेहेपाप' समजायचं असेल तर इथल्या रोका अल मारे भागातलं खुलं संग्रहालय बघायला पाहिजे. देशभरातून जुनी घरं उचलून आणून समुद्राकाठच्या जंगलात मांडलीत. त्यातलं रेहे-घर बघितलं आणि मला त्या कादंबरीचा नोव्हेंबर कळला. एकच लांब इमारत, खाली उतरतं जाडजूड गवताचं छप्पर, धुराडं नाही, एका खोलीत मोठी दगडी भट्टी आणि वर आडव्या काठ्या, त्या काठ्यांवर धान्याच्या पेंढ्या पसरून धुरावर वाळवायच्या आणि शेजारच्या भागात झोडपायच्या. इथल्या ओल्या हवेत धान्य उन्हात वाळतच नाही. आणि त्याच धुरात, त्याच खोलीत माणसं राहायची, झोपायची, बाळंत व्हायची. हवेलीच्या अशा खळ्यावर रात्री भट्टी सांभाळणारा, मळणीवर देखरेख करणारा म्हातारा म्हणजे रेहेपाप. विस्तव त्याच्या हातात, जमीनदाराचं धान्य त्याच्या हातात, रात्रभर जागा. म्हणून लोककथांत तो सैतानालाही भारी पडणारा हुशार माणूस झाला.

कादंबरीत नोव्हेंबरचा एकेक दिवस म्हणजे एकेक प्रकरण आहे. इथला नोव्हेंबर कसा असतो सांगते, दुपारी चारच्या आत अंधार, बर्फ अजून नाही, नुसता चिखल आणि पाऊस. त्यात माणसं एकमेकांच्या घरात चोरी करतात, हवेलीत चोरी करतात, चर्चमध्ये प्रसादाचा पाव तोंडात धरून बाहेर आणतात आणि बंदुकीत भरतात, का तर येशूचं शरीर असलेली गोळी कुठलंच जनावर चुकवू शकणार नाही. आणि या सगळ्यांच्या मध्ये रेहेपाप, सगळं समजणारा, सगळ्यांना मदत करणारा, आणि तोसुद्धा चोरतोच. इथले लोक या पुस्तकावर चिडत नाहीत. आपलंच आहे म्हणतात.

कणसं, तुझा राग मला समजतो, पण 'रेहेपाप' वाच किंवा सिनेमा बघ. तिथे शेतकरी गाढव नाही, तो भुकेला आहे, आणि भूक लेखकाला पुरेपूर कळते.

जुनी वही

बाल्टिकवारा, फार सुंदर लिहिलंत. ते घर डोळ्यासमोर आलं.

ज्यांना किविरॅह्कची ही रीत आवडणार नाही त्यांनी यान क्रॉस वाचावा असं सुचवतो. १९२० ते २००७. १९४४ ला जर्मनांनी तुरुंगात टाकलं, १९४६ ला सोव्हिएतांनी, मग छावण्या आणि सैबेरिया, परत आला १९५४ ला. ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या त्या कागदपत्रांना धरून. 'द झार्स मॅडमन' १९७८ ची. टिमोथेउस फॉन बॉक हा खरा बाल्टिक जर्मन सरदार, झार अलेक्झांडर पहिला याला खरं तेच सांगेन अशी शपथ घेतलेला, त्याने एस्टोनियन कुळाच्या मुलीशी, एवाशी लग्न केलं, आणि १८१८ मध्ये झारला त्याच्या राज्याबद्दल खरंच सगळं लिहून पाठवलं. नऊ वर्षं तुरुंगात, मग वेडा ठरवून घरी नजरकैदेत. गोष्ट सांगतो तो एवाचा भाऊ, लपवलेल्या डायरीत. आता विचार करा, ज्या सोव्हिएत युनियनमध्ये विरोधकांना वेड्यांच्या इस्पितळात टाकत होते तिथे हे १९७८ ला छापून आलं. सेन्सॉर म्हणणार काय, गोष्ट तर झारच्या काळातली.

क्रॉसला इतिहास आडोसा म्हणून लागला. किविरॅह्क लिहायला लागला तेव्हा सेन्सॉर गेला होता, त्यामुळे त्याला लपायचं कारण नव्हतं, आणि त्याने थेट आपल्याच माणसांच्या लाडक्या आठवणींना हात घातला. १९९५ च्या 'इव्हान ओराव'च्या आठवणींत त्याने पहिल्या प्रजासत्ताकाचा सुवर्णकाळ असा काही फुगवून सांगितलाय की तो फुटतोच. स्वातंत्र्य मिळून चार वर्षं झाली होती फक्त! त्या वेळी हे लिहायला धैर्य लागलं असणार.

तिसरी घंटा

क्रॉसचं आणखी काय वाचावं? आणि किविरॅह्कमध्ये आधी पुस्तक की सिनेमा?

जुनी वही

'बिट्वीन थ्री प्लेग्ज' मालिका इंग्रजीत तीन खंडांत आहे, पहिला 'द रोपवॉकर'. सोळाव्या शतकातल्या टॅलिनचा बखरकार बाल्थासार रुसोव याच्यावर. तो होली घोस्ट चर्चचा पाद्री होता, क्रॉसने त्याला एस्टोनियन गाडीवानाचा पोरगा केलाय, परक्यांच्या शहरात आणि परक्यांच्या भाषेत वर चढत गेलेला. सावकाश वाचायची आहे. पण आधी 'मॅडमन', लहान आहे आणि पकडून ठेवते.

आडवाट

किविरॅह्कमध्ये मी आधी सापवालं पुस्तक सांगेन, कणसं रागावली तरी. सिनेमा नंतर, आणि रात्री, मोबाइलवर बघू नका.

अबोली, तुझ्या प्रश्नावर दोन दिवस विचार करतोय. आईला भाषा थोडी येते, पण तिने ती स्वयंपाकापुरती ठेवली आहे, हरीण बोलवायचं, कापायचं, पोरांना घालायचं. रोजच्या गरजेपुरती उरलेली भाषा बाईच्या तोंडी आणि सगळी शब्दसंपत्ती मामा-भाच्याकडे, हे लेखकाने विचार करून केलं की आपोआप झालं ते पुस्तकातून ठरवता येत नाही. पण हीएकडे बघ. तिला ज्या बापाने आणि पुरोहिताने परंपरेच्या नावाने मारायला घेतलं, त्यांच्या घरात ती वाढली, लांडग्यांचं दूध तिला जबरदस्तीने पाजलं जायचं, आणि तरी तिच्यात कडवटपणा नाही. लेमेतला तिच्याबरोबर जे थोडे दिवस मिळतात तेवढ्यातच त्याला रान नको असतं आणि गावही नको असतं. वाचवायची गोष्ट भाषा होती की हे दिवस होते, असं मला ते प्रकरण संपताना वाटलं होतं.

अबोली

हे दिवस. पण मग भाषा ज्या माणसाशी बोलायची ते माणूस गेलं तर भाषा वाचवून करायचं काय, हाच तर सगळा दुसरा भाग आहे. शेवटी तो बेडकाशेजारी राहतो, दुसरं काही उरलंच नाही म्हणून. काही परीक्षणांत त्याला मन:शांती मिळाली असं म्हटलंय, मला अजिबात पटत नाही. तो थकलाय.

निवडुंग

मला मात्र तो शेवट हरलेला नाही वाटला. दहा हजार माणसं लागत होती बेडूक बघायला, आणि याला एकट्याला दिसला. जगाच्या उपयोगाचा नाही, मान्य, पण त्याने पाहिला.

कणसं

बाल्टिकवारा, तुझ्या सांगण्यावरून 'नोव्हेंबर' पाहिला काल. सापाच्या पुस्तकाबद्दल माझं मत तेच आहे, पण हा सिनेमा वेगळा आहे, इथे माझ्या ओळखीची माणसं होती. उपाशी, लबाड, घाबरलेली, आणि घरातल्या मेलेल्यांसाठी ताट वाढून ठेवणारी. ते पितर येतात, पांढऱ्या कपड्यांत रांगेने रानातून, जेवतात, पोरांची चौकशी करतात, आणि मग न्हाणीघरात जाऊन मोठाल्या कोंबड्या होतात! हे कोंबड्यांचं काय आहे? लोककथेतलं का?

बाल्टिकवारा

कोंबड्यांचं मला माहीत नाही, पण बाकीचं खरं आहे. शरद ऋतूच्या शेवटी मेलेल्यांचे आत्मे घरी येतात असं मानायचे, त्यांच्यासाठी जेवण मांडायचं, सौना म्हणजे वाफेचं न्हाणीघर तापवून ठेवायचं, पाणी आणि स्वच्छ कपडे ठेवायचे, आणि त्या दिवसांत घरात मोठ्याने बोलायचं नाही, आवाज होणारी कामं करायची नाहीत. अजूनही २ नोव्हेंबरला इथे खिडक्यांत मेणबत्त्या लावतात, आमच्या समोरच्या बिल्डिंगमधल्या आजीबाई दरवर्षी लावतात, मी पहिल्या वर्षी त्यांना विचारलं तर म्हणाल्या, आमची माणसं येतात आज. जुनी वही, तुमच्याकडे हुर्टच्या संग्रहातलं कोंबड्यांबद्दल काही असेल तर टाका, मलाही हवंय.